मोडावे की जपावे?

सिल्वासा हे नगर नकाशावर मोठ्या चमत्कारिक जागी वसले आहे. दमणगंगेचे पाणी पिणाऱ्या या भूमीच्या एका अंगाला आमचा पालघर जिल्हा, दुसऱ्या अंगाला गुजरातचा वलसाड जिल्हा. मराठी, गुजराती, हिंदी, वारली आणि कोकणा बोली येथल्या एकाच बाजारात एका वेळी कानावर पडतात. नरोली, मसाट, राखोली, सामरवरणी या परिसरांतील कारखान्यांची पाळी सुटली, की खोल्याखोल्यांतून आणि चहाच्या टपऱ्यांवरून माणसे दूरदर्शन संचासमोर जमतात आणि कबड्डीचा हंगाम असला, तर त्या गर्दीचे सरळ तीन तट पडतात. कोकण-खानदेशातून पोटासाठी आलेला मराठी कामगार ‘यू मुंबा’चा, घाटावरचा ‘पुणेरी पलटण’चा, आणि वापी-वलसाडकडला गडी ‘गुजरात जायंट्स’चा. तीन संघांचे चाहते एकाच बाकावर बसून भांडतात, असे गाव देशात क्वचितच असेल. म्हणूनच आजच्या प्रश्नाचा विचार मुंबईच्या काचेच्या कचेऱ्यांतून न करता सिल्वासाच्या या बाकावरून करावा, असे आम्हांस वाटते.

प्रश्न जुना आहे, आणि दर पराभवानंतर नव्याने विचारला जातो. एखादा व्यावसायिक संघ वर्षानुवर्षे हरत असेल, तर तो मोडून नव्याने उभा करावा, की आहे त्यालाच धीराने वाढू द्यावे? यू मुंबाच्या चाहत्यांना हा प्रश्न गेले कित्येक हंगाम छळतो आहे. त्यांचे दुःख समजून घ्यावयाचे, तर या संघाचा उदय आठवला पाहिजे. २०१४ साली प्रो कबड्डीचा पहिला डाव मांडला गेला आणि मुंबईने थेट अंतिम सामना गाठला. तेथे जयपूरने ३५-२४ असे हरवले. पुढच्याच वर्षी, २३ ऑगस्ट २०१५ रोजी, अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली मुंबईनेच बंगळुरूला ३६-३० असे नमवून अजिंक्यपद घेतले. मार्च २०१६ मध्ये तिसऱ्यांदा अंतिम सामना; पाटण्याने तीनच गुणांनी, ३१-२८ असा तो हिरावला. तीन हंगाम, तीन अंतिम सामने! असा आरंभ लाभलेल्या संघाला त्यानंतर २०२५ पर्यंतच्या एकाही हंगामात अंतिम सामन्याचे तोंड दिसलेले नाही. २०१९ मध्ये उपान्त्य सामन्यात बंगालकडून ३७-३५ अशी निसटती हार झाली, आणि २०२१-२२ पासून २०२३-२४ पर्यंतच्या लागोपाठ तीन हंगामांत बाद फेरीही हुकली. ज्याने सुगीच पाहिली, त्याला दुष्काळ अधिक जाचतो. तेव्हा ‘मोडा हा संघ, आणा नवे गडी’ अशी आरोळी उठते, यात आश्चर्य नाही.

या आरोळीला आम्ही हसणार नाही. कारखान्यात बारा तास उभे राहून आलेल्या माणसाने संध्याकाळचा तास दीड तास ज्या संघाला दिला, त्या संघाकडून त्याने काही मागू नये काय? व्यावसायिक खेळ हा प्रेक्षकाच्या निष्ठेवर चालतो. ती निष्ठा फुकट मिळते म्हणून ती फुकट घालवावी, असा मालकांना अधिकार नाही. परंतु क्रोध खरा असला तरी त्याने सुचवलेले औषध खरे असेलच, असे नव्हे.

प्रथम हे पाहू, की ‘मोडून बांधणे’ म्हणजे काय. ही कल्पना मुख्यतः अमेरिकेतील बास्केटबॉलच्या व्यवसायातून जगभर पसरली. तेथे हंगामाच्या शेवटी तळाशी राहिलेल्या संघांना पुढील वर्षीचे उत्तम तरुण खेळाडू आधी निवडण्याची संधी अधिक मिळते. दुर्बळाला हात देण्यासाठी केलेला हा नियम. पण चतुरांनी त्यातून असा अर्थ काढला, की जिंकता येत नसेल तर मनसोक्त हरावे. फिलाडेल्फियाच्या संघाने २०१३ पासून तीन हंगाम हा मार्ग उघडपणे चोखाळला. २४६ सामन्यांत अवघे ४७ विजय, आणि २०१५-१६ मध्ये तर ८२ पैकी १० च! एवढी मानहानी सोसून काय हाती लागले? चांगले खेळाडू लागले, संघ पुढे बलवानही झाला. पण त्यानंतरच्या नऊ हंगामांत, म्हणजे २०२५ पर्यंत, आपल्या विभागाच्या अंतिम फेरीपर्यंतही तो पोचू शकला नाही. याउलट ओक्लाहोमाच्या संघाने २०१९ साली आपले नामांकित खेळाडू देऊन टाकले. त्या बदल्यात त्याने एक तरुण खेळाडू आणि पुढील निवडींचे हक्क घेतले. २०२१-२२ मध्ये ८२ पैकी २४ सामनेच जिंकले तरी ना मार्गदर्शक बदलला, ना त्या तरुणाला विकले. आणि जून २०२५ मध्ये तोच संघ अजिंक्य ठरला. मोडले दोघांनीही. त्यांच्यातील फरक मोडण्यात नव्हता. मोडल्यानंतरच्या धीरात होता.

आता हा धडा आपल्या मातीत लावताना एक मोठा भेद ध्यानात घेतला पाहिजे. कबड्डीत तळाशी येणाऱ्याला बक्षीस नाही. लिलावासाठी प्रत्येक संघाला रक्कम सारखीच मिळते. दहाव्या हंगामापूर्वी ती ५ कोटी रुपये ठरली. हरलेल्याला जादा रुपया नाही की पहिली निवड नाही. म्हणजे फिलाडेल्फियाचा मार्ग चांगला की वाईट, हा वादच येथे उद्भवत नाही. आपल्याकडे मुद्दाम हरणे हे पापही आहे आणि तोट्याचा व्यवहारही. मग येथे ‘संघ मोडा’ याचा अर्थ एकच उरतो: असलेले गडी सोडून द्या, लिलावात जा, आणि पैशाच्या थैलीचे तोंड एखाद्या बड्या नावापुढे मोकळे करा.

या उपायाची परीक्षाही होऊन गेली आहे. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या थोर चढाईपटूवर २ कोटी ६० लाखांहून अधिक रक्कम खर्चिली; म्हणजे निम्मी थैली एका माणसावर रिती केली. पवनच्या गुणवत्तेविषयी कोणालाच शंका नव्हती आणि नाही. परंतु तो संघ २२ पैकी केवळ २ सामने जिंकून तळाला राहिला. त्याच्या आदल्याच वर्षी तमिळ थलायवाजने त्याच पवनला २ कोटी २६ लाखांना घेतले होते. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. सर्वांनी हात टेकले. पण नरेंदरसारख्या कोवळ्या पोरांना घेऊन तो संघ उपान्त्य सामन्यापर्यंत गेला आणि तेथे पुण्याकडून दोनच गुणांनी हरला. मुकुटमणी होता तेव्हा डोके नव्हते. मुकुटमणी हरवला तेव्हा डोके सापडले!

यावर कोणी म्हणेल, की पुण्याने तरी काय केले? पुण्यानेही २०२३ मध्ये इराणच्या मोहम्मदरझा शादलुईवर २ कोटी ३५ लाख ओतलेच, आणि त्याच हंगामात अजिंक्यपद मिळवले. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही त्या खेळाडूच्या पुढच्या प्रवासातच आहे. पुण्याने सोडल्यावर शादलुई २ कोटी ७ लाखांना हरयाणाकडे गेला; हरयाणा २०२४ मध्ये प्रथमच अजिंक्य ठरला. मग २०२५ मध्ये गुजरातने त्याला २ कोटी २३ लाखांना घेतले. आणि सिल्वासाच्या बाकावरील आमचे गुजराती मित्र जाणतात, की गुजरातला त्या वर्षी पहिल्या आठांतही स्थान मिळाले नाही. माणूस तोच, बाहूंतले बळ तेच. पुणे आणि हरयाणा यांनी तो उभारलेल्या इमारतीवर कळस म्हणून बसवला. इमारत नसताना कळस आणला, तर तो अंगणात ठेवावा लागतो.

पुण्याची इमारत कशी उभी राहिली, हे यू मुंबाच्या चाहत्यांनी मत्सर बाजूला ठेवून पाहण्याजोगे आहे. पहिल्या दोन्ही हंगामांत पुणेरी पलटण तळाशी होती. तिसऱ्या-चौथ्या हंगामांत तिसरे स्थान मिळाले. २०१८ आणि २०१९ मध्ये पुन्हा घसरण झाली. त्या काळात मार्गदर्शक म्हणून आला तो कोण? मुंबईला अजिंक्यपद मिळवून देणारा अनुप कुमार! २०२१-२२ च्या हंगामात संघात राहुल चौधरी, नितीन तोमर अशी वजनदार नावे होती. परंतु हंगाम पुढे सरकला तसा भार पडला तो अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नवख्या पोरांवर. त्यांना खेळू दिले, चुकू दिले, आणि चुकल्यावर बाकावर बसवून विसरले नाही. पुढे बी. सी. रमेश मार्गदर्शक झाले, तरी पोरे तीच राहिली. पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत अशी मराठी मातीतील मुलेही त्यांच्यासोबत वाढली. डिसेंबर २०२२ मध्ये अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ अशी हार झाली. कोणी संघ मोडला नाही. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरयाणाला २८-२५ असे नमवून, दहा हंगामांनंतर, पुणे अजिंक्य झाले. आणि नगर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेला अस्लम त्या संघाचा कर्णधार होता. पुढच्या वर्षी संघ बाद फेरीतही नव्हता, तरीही पाया हलवला नाही. २०२५ मध्ये तो पुन्हा अंतिम सामन्यात उभा राहिला आणि दिल्लीकडून तीनच गुणांनी हरला.

मुंबईपाशी असे बियाणे नव्हते काय? होते. २०१८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड भागाचा सिद्धार्थ देसाई मुंबईकडे ३६ लाखांच्या आसपास बोलीने आला आणि एकाच हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवून त्याने साऱ्या देशाला थक्क केले. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना उचलले. शेतात पीक मुंबईने काढले आणि खळे दुसऱ्याच्या दारात पडले! यात लिलावाच्या नियमांचाही दोष आहे, हे आम्ही मान्य करतो. पण जो संघ आपण घडवलेला माणूस आपला ठेवण्याची आखणी आधीपासून करीत नाही, त्याने नशिबाला बोल लावू नये. अलीकडे अजित चौहानसारखा मराठी मुलगा मुंबईकडून झळकला आणि २०२४ मध्ये संघ पाच वर्षांनी बाद फेरीत परतला. पाटण्याने ३१-२३ असे हरवले खरे. परंतु कोंब दिसू लागला आहे. नेमक्या अशाच वेळी कोणी नांगर घालू म्हणेल, तर तो शेतकरी नव्हे.

धीराची बाजू आम्ही घेतो ती भावनेपोटी नव्हे. कबड्डीची रचनाच ती मागते. सात माणसांचा बचाव ही साखळी आहे. चढाई करणारा तीस सेकंदांसाठी येतो. तेवढ्यात डावा कोपरारक्षक केव्हा घोट्याला झडप घालील आणि त्याच क्षणी मध्यरक्षक बाहेरून कसा रेटा देईल, हे बोलून ठरत नाही. शेकडो सायंकाळी एकत्र घाम गाळल्यावर एकाच्या खांद्याची हालचाल दुसऱ्याला कळते. नव्याने जमवलेल्या सात शूरांत प्रत्येक जण एकेकटा झेप घेतो, आणि प्रतिस्पर्धी दोघांना बाद करून रेषेपार होतो. शेवटच्या पाच मिनिटांत दोन गुणांची आघाडी टिकवायची असते, तेव्हा ही जाण कामी येते. तेथे लिलावाची किंमत विचारली जात नाही. ज्यांनी गावच्या मैदानावर हुतूतू खेळला आहे, त्यांना हे आम्ही सांगावयास नको.

तथापि, धीर या शब्दाआड आळस दडतो, हेही आम्ही विसरत नाही. ‘वाट पाहा’ हे सांगणे मालकाला सोयीचे असते, कारण वाट पाहण्याचा खर्च प्रेक्षक सोसतो. म्हणून धीराला कसोट्या असल्या पाहिजेत. तरुण गडी या वर्षी गेल्या वर्षीपेक्षा पुढे गेले काय? पराभव पंधरा गुणांचे होते ते तीन गुणांवर आले काय? मार्गदर्शकाची योजना मैदानावर दिसते, की दर सामन्याला सात नवीच नावे दिसतात? आणि मुख्य म्हणजे, घडवलेला माणूस संघात राहतो काय? या चारांपैकी तीन प्रश्नांना होकार असेल, तर चाहत्यांनी थांबावे. चारही नकार असतील, तर तो धीर नसून निष्काळजीपणा आहे, आणि मग बदलाची सुरुवात खेळाडूंपासून नव्हे, वरच्या खुर्च्यांपासून व्हावी.

आमची सूचना स्पष्ट आहे. यू मुंबाच्या चालकांनी तीन वर्षांची योजना जाहीर करावी. त्या मुदतीत मार्गदर्शक आणि तरुणांचा गाभा हलवू नये. आणि थैलीचा निम्मा भाग एका माणसावर कधीही उधळू नये. संघाचे नाव मुंबईचे असले तरी त्याचे मूळ मुंबईत पुरेसे नाही. जव्हार, मोखाडा, तलासरी, आणि त्यापलीकडे खानवेल, दूधनी हा दादरा-नगर हवेलीचा डोंगराळ भाग, येथील वारली आणि कोकणा मुले दिवसभर चढण चढतात-उतरतात. त्यांच्या पायांत जे बळ आहे, ते कोणत्याही व्यायामशाळेत विकत मिळत नाही. मुंबईचा शोधक वर्षातून दोनदा या वाटेने यावा, त्याने मुले निवडावीत, त्यांच्या शिक्षणाची व आहाराची सोय करावी. अठराव्या वर्षी करारबद्ध होऊन विसाव्या वर्षी ‘नवी बांधणी’ म्हणून सोडून दिलेल्या पोराचे पुढे काय होते, हे कोणी विचारत नाही. त्याचे शिक्षण सुटलेले असते, गुडघा दुखावलेला असतो, आणि गावात परतल्यावर लोक त्याला ‘दूरदर्शनवर दिसलेला’ म्हणून हसतात. संघ मोडणे म्हणजे कागदावरील नावे खोडणे नव्हे. त्या नावांखाली घरे असतात.

कबड्डी ही काही परकी वस्तू नाही. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी तिचे दर्शन जगाला घडवले. त्यानंतर एशियाई स्पर्धांत ती येण्यास १९९० उजाडावे लागले. बुवा साळवींसारख्यांनी आयुष्य त्यासाठी वेचले. चोपन्न वर्षे ज्या खेळाने दार उघडण्याची वाट पाहिली, त्या खेळाच्या चाहत्यांनी दोन हंगामांत अधीर व्हावे, हे शोभत नाही.

आणि सिल्वासाच्या माणसाला तर धीराचा अर्थ शिकवण्याची गरजच नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी मूठभर स्वयंसेवकांनी हे नगर पोर्तुगीजांच्या हातून सोडवले. त्या दिवसाचे धाडस सर्वांना ठाऊक आहे. परंतु भारतात रीतसर विलीन होण्यास ११ ऑगस्ट १९६१ उजाडला. मधल्या सात वर्षांत पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. त्याचा निकाल एप्रिल १९६० मध्ये लागला. तो सारा काळ येथील लोक हात जोडून बसले नव्हते. वरिष्ठ पंचायत नेमून त्यांनी आपला कारभार आपणच चालवला. एका रात्रीत किल्ला घेता येतो, राज्य मात्र दिवसांमागून दिवस चालवावे लागते. धाडस आणि धीर यांत वैर नाही. पहिल्याने मिळवलेले दुसऱ्याने राखावयाचे असते.

कोकणात कलमाला पाच-सहा वर्षे पाणी घालणारा माणूस दर पावसाळ्यात ते उपटून मुळे किती वाढली हे पाहत नाही. तो कुंपण घालतो, कीड काढतो, वाळकी फांदी छाटतो, आणि मोहोराची वाट पाहतो. यू मुंबाच्या चालकांनीही छाटावे जरूर, उपटू नये. आणि चहाच्या टपरीवरच्या आमच्या मराठी मित्रांनी पुढच्या पराभवानंतर शिव्या अवश्य द्याव्यात, तो त्यांचा हक्क आहे. मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर यावे, आणि विकत आणलेल्या नावापेक्षा आपल्या डोंगरातून आलेल्या पोराचे नाव अधिक मोठ्याने घ्यावे.